पगारे भाऊसाहेबांची छाननी

अमेरिकेचे अध्यक्ष निवडून आले, त्यांनी शपथ घेतली आणि ते कामालाही लागले, ही बातमी जगभर पोचली असली तरी इंदिरानगरमधल्या आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर ती अजून ग्राह्य धरलेली नाही. तिथे त्यांच्या उमेदवारी अर्जाची छाननी चालू आहे.

छाननी करणारे अधिकारी म्हणजे वामन पगारे. वय त्र्याहत्तर. नांदगाव, सुरगाणा, मालेगाव असं फिरत फिरत तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. शेवटची बरीच वर्षं निवडणूक शाखेत. त्यांना सगळी बिल्डिंग भाऊसाहेब म्हणते. ते मात्र अमेरिकेच्या अध्यक्षांना अध्यक्ष म्हणत नाहीत. "उमेदवार" म्हणतात.

"शपथ घेतली म्हणजे अर्ज वैध झाला असं कुठं लिहिलंय? माझ्याकडं सतरा रकाने अपुरे आहेत. तोवर उमेदवारच."

नवख्या माणसाची यात फार फसगत होते. एकदा जिन्यात भाऊसाहेब आमच्या सोसायटीच्या चेअरमनना, म्हणजे देवरे सरांना, म्हणाले, "उमेदवाराचं खरं नाही सर. बांधकामातला माणूस, जवळच्या नातेवाइकांना जवळ बसवतो, काल बोललेलं आज बोलत नाही. शंका राहते." देवरे सर तेव्हा महापालिकेला उभं राहावं का, या विचारात होते. तो विचार त्यांनी तिथेच, पहिल्या मजल्याच्या वळणावर सोडून दिला. ही चर्चा अमेरिकेबद्दल होती हे त्यांना कळेपर्यंत अर्जाची मुदत टळली होती.

भाऊसाहेबांकडे उमेदवाराची फाईल आहे. लाल कापडात बांधलेली, पान न् पान क्रमांक घातलेली. वर्तमानपत्रातलं कात्रण आलं की ते डकवून खाली शेरा मारायचा: "अवलोकन केले." आपल्याकडे उमेदवाराला जे शपथपत्र भरून द्यावं लागतं, ते भाऊसाहेबांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या वतीने कच्चं भरून ठेवलंय. व्यवसायाच्या रकान्यात बांधकाम, हॉटेल, टीव्हीवरचा कार्यक्रम आणि राजकारण एवढं मावेना, म्हणून "पुरवणी जोडली आहे." कोर्टकचेऱ्यांच्या रकान्याला पुरवणी, आणि त्या पुरवणीला आणखी एक पुरवणी.

"रिकामा रकाना चालत नाही, सेक्रेटरी," ते मला सांगतात. "काही नसेल तर निरंक लिहा. पण लिहा. रिकाम्या जागेत नंतर कोण काय लिहील सांगता येत नाही."

या एका वाक्यावर त्यांनी नोकरी काढली. मालेगावला एकदा एक मोठा पुढारी सत्तेचाळीस गाड्या घेऊन अर्ज भरायला आला. भाऊसाहेबांनी अर्ज बघितला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. पुढारी म्हणाला, "भाऊसाहेब, मी कोण आहे माहीत नाही का तुम्हाला?" भाऊसाहेब म्हणाले, "माहीत आहे. म्हणून तर म्हणतो, लिहा." मुदत तीनपर्यंतची, तीनला पाच मिनिटं कमी असताना त्या माणसाने सगळ्यांसमोर "निरंक" लिहिलं. ही गोष्ट मी भाऊसाहेबांच्या तोंडून नऊ वेळा ऐकली आहे. गाड्यांची संख्या बदलत नाही. भाऊसाहेब माणूसच तसा.

आयात कराचं प्रकरण सुरू झालं तेव्हा भाऊसाहेबांची झोप उडाली. उमेदवार आज एक आकडा सांगे, उद्या दुसरा, परवा स्थगिती. भाऊसाहेबांना आकड्याचं काही नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळंच होतं.

"दुरुस्ती करायला ना नाही. माणूस आहे, चुकतो. पण दुरुस्तीची पद्धत आहे. जुन्या मजकुरावर एकच आडवी रेघ मारायची. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. वर नवीन लिहायचं, बाजूला सही करायची. हा गडी सरळ पांढरा रंग फासतो. काल काय होतं ते आज कुणाला वाचताच येत नाही."

उमेदवार मागे एकदा हरला होता आणि हरलो नाही म्हणत होता, त्याचं मात्र भाऊसाहेबांना नवल वाटलं नाही. "आपल्याकडं सगळेच म्हणतात. पण मतमोजणी केंद्राबाहेर म्हणतात, चहा पितात आणि घरी जातात."

आता या सगळ्यात मी कसा आलो ते सांगायला हवं, कारण त्यात माझी शोभा आहे.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. हे पद मी मिळवलेलं नाही. ज्या सभेत निवड झाली तिला मी गैरहजर होतो, एवढंच. आमची बिल्डिंग जुनी झाली आहे, गच्चीतून पाणी झिरपतं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळे दीड वर्षात खाली उतरलेल्या नाहीत. बिल्डिंग पाडून नवीन, लिफ्टवाली बांधायची असं ठरलं. बिल्डरने सोळाच्या सोळा फ्लॅटची कागदपत्रं पूर्ण मागितली. प्रत्येक सभासदाने आपल्या पश्चात फ्लॅट कुणाच्या नावे करायचा तो नॉमिनीचा फॉर्म भरून द्यायचा होता. पंधरा आले. सोळावा आला नाही. तो पगारे भाऊसाहेबांचा.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना रकाने भरायला लावले, त्याच्याकडून एक फॉर्म येईना. मी गेलो की "बघतो". पुन्हा गेलो की "तुमच्या पत्राला जावक क्रमांक नाही". क्रमांक घालून नेला तर "वारस वेगळा, नॉमिनी वेगळा. तुमच्या पत्रात दोन्ही एकच धरलेत. दुरुस्त करून आणा."

कमिटीत कुजबूज सुरू झाली. देवरे सरांचं म्हणणं, भाऊसाहेब जास्त जागेसाठी अडून बसलेत. खजिनदारांचं म्हणणं, दुसऱ्या बिल्डरने त्यांना फितवलंय. मला दोन्ही पटत होतं. मी आयुष्यभर औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून डॉक्टरांच्या दारात बसलेलो माणूस. बंद दारामागे काहीतरी शिजत असतं, यावर माझी श्रद्धा आहे.

म्हणून एका रविवारी सकाळी मी हेरगिरीला गेलो. तोंडी कारण, अमेरिकेबद्दल थोडं समजून घ्यावं म्हटलं. भाऊसाहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"बिल्डरचा माणूस म्हणून आलात की स्वतःहून?"

"स्वतःहून."

"शंका राहते," ते म्हणाले. "पण आलाच आहात तर बसा. छाननीला उमेदवाराचा प्रतिनिधी लागतो. एकतर्फी कामकाज मला चालत नाही."

खिडकीपाशी वेताची खुर्ची होती, तिच्याकडे त्यांनी बोट केलं. मग एका कागदावर माझं नाव लिहून सही घेतली. अशा रीतीने मी अमेरिकेच्या अध्यक्षांचा अधिकृत प्रतिनिधी झालो. घरी येऊन हे सांगितलं तर बायको म्हणाली, "घरात तुम्हाला कुणी प्रतिनिधी करत नाही. बरं झालं, अमेरिकेने केलं."

तेव्हापासून दर रविवारी दहा ते अकरा मी त्या खुर्चीत बसून अमेरिकेची बाजू मांडतो. अमुक देशावर कर का वाढवला? मला काय माहीत. तमुक माणसाची शिक्षा का माफ केली? मला काय माहीत. "प्रतिनिधीस समाधानकारक खुलासा करता आला नाही," भाऊसाहेब लिहीत. पहिल्या महिन्यात मला वाईट वाटायचं. दुसऱ्या महिन्यात मी तयारी करून जाऊ लागलो. तिसऱ्या महिन्यात रिक्षावाल्याने अमेरिकेच्या अध्यक्षांना शिवी घातली तेव्हा मी त्याच्याशी भांडलो.

पण माझा एक डोळा हेरगिरीवर होता. आणि मला दोन धागे सापडले.

पहिला म्हणजे भिंतीवर दोन घड्याळं. एक आपलं, एक अमेरिकेचं. वर्षातून दोनदा तिकडे घड्याळ तासभर पुढे-मागे करतात, तेव्हा भाऊसाहेब स्टुलावर चढून ते लावतात आणि आदेश क्रमांक कुठे आहे म्हणून चिडतात. दुसरा धागा म्हणजे फाईलच्या खिशात वेगळी ठेवलेली कात्रणं. व्हिसा मिळणं अवघड झालं, शिकायला गेलेली मुलं अडकली, अशा बातम्यांची.

मी दोन आणि दोन चार केले. भाऊसाहेबांचा मुलगा अमेरिकेत आहे. बापलेकाचं बिनसलेलं आहे. म्हणून नाव घेत नाहीत, म्हणून फॉर्म भरत नाहीत आणि म्हणूनच त्या अध्यक्षावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवतात. हा शोध मला इतका आवडला की मी तो त्याच संध्याकाळी कमिटीसमोर मांडला. देवरे सर म्हणाले, "सेक्रेटरी, तुम्ही पोलिसात जायला पाहिजे होतं." मी ते कौतुक समजलो. त्यांनी सुचवलं आणि मी सोसायटीच्या कागदावर पत्र लिहिलं: "आपल्या परदेशस्थ मुलाचा तपशील व त्यांच्या संमतीचा तपशील आठ दिवसांत सादर करावा." या वेळी जावक क्रमांक घालायला विसरलो नाही.

पत्र मी दाराखालून सरकवलं, कारण माझ्यात तेवढंच धैर्य आहे.

दुसऱ्या दिवशी ते परत आलं. माझ्याच दाराखालून. भाऊसाहेबांनी त्यावर नेहमीसारख्या तपासणीच्या खुणा केल्या होत्या. "तपशील" दोनदा आलाय. "आधार काय?" असं समासात. आणि "परदेशस्थ मुलाचा" या शब्दांवर एक आडवी रेघ, वर बारीक सुवाच्य अक्षरात एकच शब्द आणि बाजूला सही.

"निरंक."

बायकोने पत्र वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "त्यांना मूलबाळ नाही हो. सुमनताई मला किती वर्षांपूर्वी बोलल्या होत्या. तुम्ही मला विचारलं का नाही?"

सुमनताई म्हणजे भाऊसाहेबांची पत्नी. चार वर्षांपूर्वी गेल्या. मी दहाव्याला गेलो होतो आणि पार्किंगच्या भांडणामुळे लवकर परत आलो होतो. माझ्याबद्दल आणखी काही सांगायची गरज नाही.

रविवार आला. दहा वाजले. न जाणं हे जाण्यापेक्षा वाईट दिसेल, असं बायको म्हणाली. मी गेलो. भाऊसाहेब टेबलाशी फाईल उघडून बसले होते. मी माफीचं वाक्य पाठ करून आलो होतो, ते अर्ध्यात आलं तोच त्यांनी हात वर केला.

"पत्रातल्या चुका दुरुस्त केल्यात. मुद्दा संपला. बसा."

मी वेताच्या खुर्चीत बसलो.

"ही व्हिसाची कात्रणं तुम्ही पाहिलीत, बरोबर? खिशातली. मला दिसलं होतं तुम्ही बघताना. ती फेटाळायची ठेवलीत. उमेदवाराच्या अर्जाशी संबंध नाही त्यांचा. दुसऱ्या शाखेचं काम."

"आणि घड्याळ?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण हेराची सवय.

भाऊसाहेबांनी त्या घड्याळाकडे बघितलं. "हल्ली पहाटे तीनला जाग येते. मग झोप नाही. आपल्याकडं सगळं सामसूम. त्या घड्याळात बघितलं की तिथं संध्याकाळ असते. हा गडी नक्की जागा असतो, काहीतरी उपद्व्याप करत असतो. कुणीतरी जागं आहे म्हटलं की बरं वाटतं."

 

ते चहा टाकायला आत गेले. फाईल उघडीच होती. मी शपथेवर सांगतो की या वेळी हेरगिरी करायची नव्हती. पंख्याने पानं उलटली आणि उमेदवाराच्या पहिल्या कारकिर्दीची पानं वर आली. प्रत्येक पानाच्या तळाशी प्रतिनिधीची सही होती. गोल, शाळकरी अक्षरात: सुमन.

प्रत्येक हरकतीखाली प्रतिनिधीचं म्हणणं नोंदलेलं होतं. "उमेदवार फार बोलतो, या हरकतीवर प्रतिनिधीचे म्हणणे: काही लोक अजिबात बोलत नाहीत, त्यांच्या घरच्यांना विचारा. हरकत फेटाळली." "उमेदवार केसांवर फार वेळ घालवतो. प्रतिनिधीचे म्हणणे: ज्यांना केस आहेत ते घालवतात. हरकत फेटाळली." एका पानावर हिरवट डाग होता आणि खाली शेरा: "प्रतिनिधी सुनावणीदरम्यान मेथी निवडत होत्या. ताकीद दिली." पाचच पानांनी पुन्हा तसाच डाग. ताकीद दिलेली नव्हती.

मग एका पानापासून सही थांबली होती. उमेदवार निवडणूक हरला, त्यानंतरची ती पानं. प्रत्येक रविवारचं पान होतं, वर तारीख होती आणि खाली एकच ओळ.

"प्रतिनिधी गैरहजर. सुनावणी तहकूब."

अशी किती पानं होती ते मी मोजलं नाही. उलटत राहिलो. मग माझ्या सह्या लागल्या.

भाऊसाहेब कप घेऊन आले. फाईल कुठे उघडी आहे ते त्यांनी बघितलं आणि कप माझ्यापुढे ठेवला.

"मी हरकती घ्यायचो, ती त्याची बाजू घ्यायची. त्याच्याबद्दल तिला काही प्रेम नव्हतं. माझ्याशी भांडायला विषय पाहिजे म्हणून." त्यांनी चहाचा घोट घेतला. "ती गेल्यावर बांधून ठेवली होती फाईल. वर्षानुवर्षं दर रविवारी सोडायची, नुसती तारीख टाकायची, परत बांधायची. मग हा परत निवडून आला. हरलेला, घरी गेलेला माणूस परत येतो म्हणजे काय. म्हटलं, उघडावी फाईल. तेवढ्यात तुम्ही आलात आणि नेमके त्याच खुर्चीत जाऊन बसलात."

"तुम्हीच बोट केलंत, भाऊसाहेब."

"मी केलं? शंका राहते."

मग त्यांनी टेबलाचा ड्रॉवर उघडला आणि सोसायटीचा एक पिवळा पडलेला फॉर्म काढला. नॉमिनीचाच. पूर्वी कधीतरी, फ्लॅट घेतला तेव्हा भरलेला. वळणदार अक्षर, एकही रकाना रिकामा नाही. नॉमिनीचं नाव सौ. सुमन वामन पगारे. नातं पत्नी.

"नवीन फॉर्म भरता येईल," मी म्हणालो. "कोरा आणलाय मी."

"नवीन कशाला. यात एका ठिकाणी दुरुस्ती केली की झालं. नियमाने चालतं." ते फॉर्मकडे बघत होते. "हिच्या धाकट्या बहिणीची मुलगी आहे नांदगावला. मनीषा. शाळेत शिकवते. दिवाळीला फराळ घेऊन येते आणि मी खाल्ला की नाही ते फोन करून विचारते. तिला विचारून ठेवलंय मी. हो म्हणालीये. चार महिने झाले."

चार महिने. म्हणजे नाव ठरलेलं होतं. देवरे सरांचा संशय, खजिनदारांचा संशय आणि माझा तो अमेरिकेतला मुलगा, सगळे एका रेघेसाठी थांबले होते.

"इतर कुठल्याही रकान्यात निरंक लिहिता येतं," भाऊसाहेब म्हणाले. "इथं चालत नाही."

त्यांनी पट्टी घेतली. मालेगावच्या पुढाऱ्याला न घाबरलेला माणूस, पण पट्टी दोनदा लावून उचलली. मी खिडकीबाहेर बघितलं. प्रतिनिधीने कुठे बघायचं, याचा काही नियम नाही.

पेन कागदावर चाललं. एकदाच. मग वर नवीन नाव, बाजूला सही. साक्षीदाराच्या जागी माझी सही घेतली आणि ती आधीच्या सह्यांशी जुळते का ते फाईल उघडून ताडून बघितलं. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला.

रेघ इतकी बारीक होती की शोधावी लागली.

"वाचता येतंय ना खालचं?" त्यांनी विचारलं.

"येतंय."

"नुसतं येतंय म्हणू नका. वाचून दाखवा."

मी वाचलं. "सौ. सुमन वामन पगारे."

भाऊसाहेबांनी डोळे मिटले होते. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची हाळी येऊन गेली.

"शंका राहते," ते म्हणाले. "परत एकदा वाचा."